लहान चाकाची इजा आणि रात्रपाळीचा भार

उभे राहून चालवायच्या, विजेवरच्या लहान स्कूटर भाड्याने देण्याची पद्धत कॅलिफोर्नियातील सांता मोनिका येथे सप्टेंबर २०१७ मध्ये सुरू झाली. त्यानंतरच्या एका वर्षात दक्षिण कॅलिफोर्नियातील दोन आपत्कालीन विभागांत अशा स्कूटरमुळे जखमी होऊन आलेल्या २४९ जणांचा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांपैकी सुमारे ४० टक्के लोकांच्या डोक्याला मार लागला होता, जवळपास ३२ टक्क्यांचे एखादे हाड मोडले होते आणि चालकांपैकी जेमतेम ४.४ टक्क्यांनी हेल्मेट घातल्याची नोंद होती. मोटारीची धडक हे मात्र प्रमुख कारण नव्हते. ८० टक्के चालक नुसते पडले होते.

नुसते पडण्यामागे चाकाचा आकार आहे. चाक एखाद्या कडेवर चढवण्यासाठी आसाला किती आडवा जोर लावावा लागेल, हे चाकाच्या त्रिज्येवर आणि कडेच्या उंचीवर अवलंबून असते. चार सेंटिमीटर उंचीची कड घेतली, तर ३४ सेंटिमीटर त्रिज्येच्या सायकलच्या चाकाला त्यावरील भाराच्या साधारण निम्मा जोर पुरतो. दहा सेंटिमीटर त्रिज्येच्या स्कूटरच्या चाकाला मात्र भाराच्या सव्वापटीहून अधिक जोर लागतो. तो मिळाला नाही की चाक जागीच अडते आणि उभ्या माणसाचा गुरुत्वमध्य उंचावर असल्यामुळे शरीर हँडलवरून पुढे फेकले जाते. त्यात वेग वाढला तर ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे ताशी २० ऐवजी २५ किलोमीटर वेगाने पडणाऱ्याच्या अंगात दीडपटीहून अधिक ऊर्जा असते.

पडणारा माणूस हात पुढे करतो, म्हणून मनगट आणि कोपर मोडतात. हात हँडलवरून वेळेत सुटले नाहीत, तर हनुवटी, दात आणि जबडा थेट रस्त्यावर आदळतात. नेहमीचे अर्धे हेल्मेट कवटी वाचवते, चेहऱ्याचा खालचा भाग नाही. त्यामुळे केवळ हेल्मेटच्या सक्तीवर भिस्त ठेवणे मला अपुरे वाटते.

कॅलिफोर्नियाच्या त्या अभ्यासातील सुमारे ९४ टक्के जखमी आपत्कालीन विभागातूनच घरी गेले. हा आकडा दिलासादायक वाटतो, पण रुग्णालयावरील भार दाखल रुग्णांच्या संख्येवरून मोजला तर तो निम्माही दिसत नाही. घरी जाणाऱ्या रुग्णालाही एक्स-रे, टाके, प्लास्टर आणि धनुर्वाताची लस लागते. त्याच्यासाठी कधी अस्थिरोगतज्ज्ञाला, तर कधी जबड्याच्या शल्यविशारदाला बोलवावे लागते. मद्य घेतलेला जखमी तर सर्वांत वेळखाऊ. त्याची गुंगी दारूची की मेंदूतील रक्तस्रावाची, हे नुसत्या तपासणीने खात्रीने सांगता येत नाही. म्हणून सीटी स्कॅन करावा लागतो, काही तास निरीक्षणाखाली ठेवावे लागते आणि तेवढा वेळ एक खाट अडते. तीही बहुधा रात्री, जेव्हा हाताशी माणसे कमी असतात.

या जखमींची मोजदाद दीर्घकाळ अवघड होती, कारण नोंदणीत त्यांच्यासाठी वेगळा रकानाच नव्हता. अमेरिकेतील रोगनोंदणीच्या सांकेतिक यादीत उभ्या विद्युत स्कूटरवरून पडण्यासाठी स्वतंत्र क्रमांक ऑक्टोबर २०२० मध्ये आला. टेक्सासमधील ऑस्टिन शहरात २०१८ च्या शेवटच्या महिन्यांत केलेल्या पाहणीत दर एक लाख फेऱ्यांमागे सुमारे २० जखमी आढळले आणि विचारणा केलेल्या जखमींपैकी एक तृतीयांश जण पहिल्याच फेरीत पडले होते. नवख्यांसाठी सुरुवातीच्या काही फेऱ्यांत वेग आपोआप कमी ठेवण्याची तरतूद, ॲपवरून भाड्याने मिळणाऱ्या वाहनात, फारशी अवघड नाही.

ऑस्लोने २०२१ मध्ये भाड्याच्या स्कूटर रात्री ११ ते पहाटे ५ बंद ठेवल्या, म्हणजे नेमका मद्यपानानंतरचा काळ वगळला. पॅरिसने एप्रिल २०२३ च्या जनमतकौलानंतर त्याच वर्षीच्या सप्टेंबरपासून भाड्याची सेवाच थांबवली; स्वतःच्या मालकीच्या स्कूटरना मात्र ती बंदी लागू नाही, त्यामुळे त्यांवरून पडणारे जखमी तिथल्या आपत्कालीन विभागांत येतच राहणार.