रूथ क्रॅकनेल

रूथ क्रॅकनेल (६ जुलै १९२५ – १३ मे २००२) ही ऑस्ट्रेलियातली नाटक, रेडिओ आणि टीव्ही अभिनेत्री. जन्म न्यू साउथ वेल्समधल्या मेटलंडचा, पण शिकली आणि वाढली सिडनीत. बहुतेकांना ती 'मदर अँड सन' या विनोदी टीव्ही मालिकेतली आई मॅगी बेअर म्हणूनच माहीत असते, पण ती मालिका सुरू झाली तेव्हा बाई ५८ वर्षांची होती आणि जवळपास चाळीस वर्षं काम करून झालं होतं, ते आधी बघितल्याशिवाय मॅगी नीट कळत नाही.

करिअर नक्की कधीपासून धरायचं हा थोडा वादाचा भाग आहे. हौशी नाटकं धरली तर अजून मागे जावं लागतं, पैसे मिळणारं काम धरलं तर साधारण १९४५-४६ च्या सुमारास रेडिओ. रेडिओपासून धरणंच जास्त बरोबर वाटतं, कारण तिची घडण तिथली आहे. युद्धाच्या काळात बाहेरून रेकॉर्ड होऊन येणाऱ्या कार्यक्रमांच्या डिस्कवर बंधनं आली, त्यामुळे रोजच्या मालिका सिडनी-मेलबर्नमध्येच बनायला लागल्या आणि तिथल्या नटांना भरपूर काम मिळालं. या कामात पाठांतर नसायचं, संहिता हातात धरून माइकसमोर उभं राहायचं, पान उलटताना आवाज होऊ द्यायचा नाही, लांबून बोलतोय असं वाटायला हवं तर माइकपासून मागे सरकायचं, आणि थेट प्रसारण असलं तर चुकलं ते चुकलं. चेहरा दिसत नाही म्हणजे वय, जात्याच असलेला खवचटपणा, मनातली भीती सगळं आवाजातून आणि वाक्यामधल्या थांबण्यातून दाखवायचं. १९५६ साली सिडनीत टीव्ही आला आणि रेडिओ नाटकाचा बहर ओसरत गेला, पण हे थांबणं तिच्याकडे शेवटपर्यंत राहिलं.

पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीला ती लंडनला जाऊन बीबीसी रेडिओवर काम करून आली. मग सिडनीच्या फिलिप स्ट्रीट थिएटरमध्ये रेव्ह्यू केले, म्हणजे गाणी, छोटी प्रहसनं आणि चालू घडामोडींवरची टवाळी असा मिश्र कार्यक्रम, ज्यात एका रात्रीत पाच-सात वेगळ्या बायका उभ्या कराव्या लागतात. उंच, हाडापेराने सडसडीत आणि लांबट चेहऱ्याची असल्यामुळे नायिकेपेक्षा असल्या भूमिकाच तिला जास्त शोभायच्या. पुढे सिडनीतली ओल्ड टोट ही नाटकसंस्था आणि १९७८ मध्ये ती संस्था बंद पडल्यावर सिडनी थिएटर कंपनी, असं काम चालूच राहिलं. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी मेलबर्न थिएटर कंपनीसाठी सायमन फिलिप्सने बसवलेल्या ऑस्कर वाइल्डच्या 'द इम्पॉर्टन्स ऑफ बीइंग अर्नेस्ट'मधली तिची लेडी ब्रॅकनेल फार गाजली, सोबत जेफ्री रश होता. नाटकातला जॅक तान्हेपणी हँडबॅगमध्ये सापडला होता हे ऐकून ही तोऱ्यातली बाई 'हँडबॅग?' असं विचारते, आणि एडिथ इव्हान्सने १९५२ च्या सिनेमात ते वाक्य अशा काही सुरात म्हणून ठेवलंय की नंतरच्या प्रत्येक लेडी ब्रॅकनेलला त्याचं काय करायचं हे ठरवावंच लागतं.

'मदर अँड सन' जेफ्री अ‍ॅथरडेनने लिहिली, एबीसी या ऑस्ट्रेलियाच्या सरकारी वाहिनीवर १९८४ ते १९९४ या दहा वर्षांत अधूनमधून सहा सिझन आणि ४२ भाग झाले. घटस्फोट झालेला आर्थर (गॅरी मॅकडॉनल्ड) विसराळू आईकडे राहतो आणि तिचं सगळं करतो, आणि काहीही न करणारा डेंटिस्ट मुलगा रॉबर्ट (हेन्री सेप्स) मात्र आईचा लाडका. मॅगीला खरंच स्मृतिभ्रंश झालाय की ती मुलाला घरात अडकवून ठेवायला नाटक करते, यावर बघणाऱ्यांचे दोन तट आहेत. फक्त लबाड धरली तर आर्थर मूर्ख ठरतो, फक्त आजारी धरली तर हसायला जीव होत नाही. दोन्ही एकाच वेळी खरं आहे हे मत जास्त पटणारं, आणि ते क्रॅकनेलच्या कामामुळेच पटतं. आर्थर बाहेर निघालाय, आई काहीतरी विचारते, तो उत्तर देतो, ती क्षणभर त्याच्याकडे नुसती बघत राहते आणि मग पुन्हा तेच विचारते. त्या क्षणात ती विसरली की तिने ठरवलं, हे चेहऱ्यावर कुठेच दिसत नाही. प्रेक्षकाला ती डोळा मारत नाही. ही रेडिओची शिस्त आहे असं म्हणायला हरकत नाही.

सिनेमे मोजकेच, त्यातले १९७८ चे 'द नाइट द प्राउलर' आणि 'द चांट ऑफ जिमी ब्लॅकस्मिथ', आणि मुख्य भूमिका असलेला 'स्पायडर अँड रोझ' (१९९४) हे महत्त्वाचे. 'अ बायस्ड मेमॉयर' हे आत्मचरित्र १९९७ मध्ये आलं. १९९८ साली व्हेनिसला फिरायला गेलेले असताना नवरा एरिक फिलिप्स आजारी पडला आणि त्यातून तो वाचला नाही, त्या दिवसांवरचं 'जर्नी फ्रॉम व्हेनिस' २००० मध्ये. २००१ मध्ये लोगी या ऑस्ट्रेलियन टीव्ही पुरस्कारांच्या हॉल ऑफ फेममध्ये तिला घेतलं, तिथली ती पहिलीच बाई. पुढच्याच वर्षी सिडनीत ती गेली.

'मदर अँड सन'चा बीबीसीने 'कीपिंग मम' नावाने इंग्लिश अवतार केला होता. ऑस्ट्रेलियात २०१४ मध्ये मालिकेवरून नाटक झालं, त्यात आई नोएलीन ब्राउन, आणि २०२३ मध्ये एबीसीनेच नव्याने केली तेव्हा डेनिस स्कॉट.