मॉडेलाधारित युजर इंटरफेसमधील रचनाभेदांचे व्यवस्थापन

एकाच कामाची स्क्रीन मोबाइलवर एक, संगणकावर दुसरी आणि दृष्टिहीन वापरकर्त्यासाठी तिसरीच लागते. असे भेद प्रत्येक स्क्रीनच्या कोडमध्ये सुटेसुटे न लिहिता मॉडेलमध्ये, म्हणजे स्क्रीनच्या नेमक्या वर्णनात, पर्याय म्हणून नोंदवायचे, परिस्थितीप्रमाणे त्यांतून निवड करायची आणि कोड त्यावरून आपोआप तयार करून घ्यायचा, अशी ही पद्धत आहे.

संशोधक गाएल काल्व्हारी आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये मांडलेल्या ‘कॅमेलिऑन’ चौकटीत इंटरफेसच्या, म्हणजे वापरकर्त्यासमोर येणाऱ्या स्क्रीनच्या, चार पातळ्या आहेत: काम व संकल्पना, अमूर्त इंटरफेस, मूर्त इंटरफेस आणि प्रत्यक्ष चालणारा इंटरफेस. ‘तारीख देणे’ हे काम घ्या. अमूर्त पातळीवर ती फक्त ‘एक तारीख घ्या’ अशी सूचना असते. कॅलेंडर, दिवस-महिना-वर्षाच्या तीन याद्या की टाइप करायची साधी चौकट, हे मूर्त पातळीवर ठरते. ती चौकट वेबवर दिसणार की अँड्रॉइडवर, हे शेवटच्या पातळीवर. प्रवासाच्या तारखेला कॅलेंडर उत्तम. जन्मतारखेला मात्र तेच कॅलेंडर छळ करते: एकेक महिना मागे सरकायचे असेल, तर चाळीस वर्षांच्या माणसाला ४८० वेळा बटण दाबावे लागेल. म्हणून ‘तारीख जन्माची असेल तर कॅलेंडर नको’ हा नियम मॉडेलमध्येच हवा. भेद नेमका कोणत्या पातळीवरचा आहे हे ओळखणे, हा या साऱ्या कामातला खरा कस आहे.

पर्याय मांडायला बहुधा फीचर मॉडेल, म्हणजे वैशिष्ट्यांचा आराखडा, वापरतात. क्यो कांग व सहकाऱ्यांनी ते १९९० मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग इन्स्टिट्यूटमध्ये मांडले. अनिवार्य, ऐच्छिक आणि ‘यांपैकी एकच’ अशा फांद्यांचे ते झाड असते. शिवाय ‘हे असेल तर तेही हवे’, ‘हे असेल तर ते नको’ अशी बंधने असतात. बंधने नसतील तर २० स्वतंत्र ऐच्छिक फीचर्समधून १०,४८,५७६ रूपे निघतात. ती हाताने तपासणे अशक्यच. परस्परविरोधी निवडी शोधायचे काम सॉल्व्हरकडे, म्हणजे बंधने तपासणाऱ्या प्रोग्रामकडे, द्यावे लागते.

मराठी स्क्रीनवर अशा बंधनाची गरज लगेच दिसते. इंग्रजी अक्षरांच्या मापाने केलेल्या बटणात ‘पूर्ण करा’ लिहिले, की वरचा रफार किंवा खालचा ऊकार कापला जातो. त्यामुळे ‘लिपी देवनागरी असेल तर ओळीची उंची जास्त’ हे बंधन सुरुवातीलाच घालणे भाग आहे. भाषांतर झाल्यावर ठिगळ लावत बसणे फार महागात पडते.

अडचण येते ती हाताने केलेल्या दुरुस्त्यांची. डिझायनर तयार कोडमध्ये बटण थोडे सरकवतो, पुढच्या वेळी मॉडेलवरून कोड नव्याने निघतो आणि ती दुरुस्ती पुसली जाते. त्यावर उपाय म्हणून अशा दुरुस्त्या कोडमध्ये न करता वेगळ्या फाइलमध्ये नियम म्हणून नोंदवतात, आणि कोड नव्याने निघाला की त्या पुन्हा लागू होतात.