कोडची गुंतागुंत : मापन आणि सुलभीकरण

प्रोग्रामचा एखादा भाग नेमके काय करतो, हे वाचून समजून घेण्यास माणसाला जितके परिश्रम पडतात, त्याला स्थूलमानाने त्या कोडची गुंतागुंत म्हणतात. ही गुंतागुंत आकड्यांत मोजणे आणि प्रोग्रामचे वर्तन न बदलता ती कमी करणे हा सॉफ्टवेअर अभियांत्रिकीतील एक स्वतंत्र अभ्यासविषय आहे. प्रोग्राम चालण्यास किती वेळ व किती मेमरी लागते, हे सांगणारी अल्गोरिदमची गुंतागुंत वेगळी; तिच्याशी याची गल्लत करू नये. यंत्राला विस्कळीत कोड आणि सुटसुटीत कोड सारखाच चालतो. फरक पडतो तो वाचणाऱ्याला, आणि कोड एकदाच लिहिला जात असला तरी नवा नियम, नवा कर किंवा सापडलेली चूक यांच्या निमित्ताने तो वर्षानुवर्षे वाचावा लागतो.

सोलापूरसारख्या शहरात या विषयाला व्यावहारिक महत्त्व आहे. बाजार समितीतील अडत दुकाने, टॉवेल-चादरींचे कारखाने, पतसंस्था आणि रुग्णालये यांचे हिशेबाचे प्रोग्राम अनेकदा एक-दोन माणसांनी लिहिलेले असतात. लिहिणारा नोकरीसाठी पुण्याला गेला की त्याने लिहिलेल्या हजारो ओळी दुसऱ्याच्या हाती येतात, आणि त्या दुसऱ्याला विचारायला जवळ कोणी नसते. अशा वेळी कोड वाचता येतो की नाही, यावरच तो प्रोग्राम टिकणार की टाकून द्यावा लागणार हे ठरते.

या विचाराची पार्श्वभूमी १९६० च्या दशकातील आहे. कोणताही प्रोग्राम क्रम, निवड आणि पुनरावृत्ती या तीन रचनांच्या आधारे लिहिता येतो, हे कोराडो बोम आणि ज्युसेप्पे याकोपिनी यांनी १९६६ मध्ये दाखवून दिले. मार्च १९६८ मध्ये एड्सखर डाइक्स्ट्रा यांचे ‘गो टू’ या आज्ञेविरुद्धचे प्रसिद्ध पत्र छापून आले. प्रोग्राम एका ओळीवरून वाटेल त्या ओळीवर उडी मारू लागला, की पानावरील मजकुराचा क्रम आणि प्रत्यक्ष घडणाऱ्या गोष्टींचा क्रम यांचा मेळ तुटतो, असा त्यांचा मुख्य आक्षेप होता. हा आक्षेप यंत्राच्या नव्हे, तर माणसाच्या मर्यादेवर आधारलेला होता, आणि पुढील सर्व मापनांचे मूळ त्यातच आहे.

सर्वांत रूढ झालेले माप थॉमस मॅकेब यांनी डिसेंबर १९७६ मध्ये मांडले. त्याला सायक्लोमॅटिक कॉम्प्लेक्सिटी किंवा चक्रीय गुंतागुंत म्हणतात. प्रोग्राममधील आज्ञा म्हणजे शिरोबिंदू आणि एका आज्ञेकडून दुसरीकडे जाणाऱ्या वाटा म्हणजे कडा, असा प्रोग्रामचा आलेख काढून त्यातील कडांच्या संख्येतून शिरोबिंदूंची संख्या वजा करायची आणि त्यात सुट्या घटकांच्या संख्येची दुप्पट मिळवायची, हे त्याचे सूत्र होय. एका फंक्शनपुरते, म्हणजे एक ठरावीक काम करणाऱ्या प्रोग्रामच्या तुकड्यापुरते, पाहिल्यास हा हिशेब अगदी सोपा होतो : फंक्शनमधील अटी आणि लूप (पुन्हा पुन्हा चालणारे भाग) मोजावे, अटींना जोडणारे ‘आणि’, ‘किंवा’ मोजावे, व त्यांत १ मिळवावा. येणारा आकडा म्हणजे त्या फंक्शनमधील परस्परांवर अवलंबून नसलेल्या वाटांची संख्या. म्हणून चाचण्यांचा आराखडा करताना तो थेट उपयोगी पडतो. एका फंक्शनसाठी १० ही मर्यादा मॅकेब यांनी सुचवली, पण तिला जादूचा आकडा मानले नाही. एकाच निवडीतून अनेक स्वतंत्र पर्याय फुटत असतील तर ही मर्यादा ओलांडण्यास हरकत नाही, हेही त्यांनीच नोंदवले. हा भाग विसरून १० चा आकडा तेवढा पाळण्याची प्रथा अनेक ठिकाणी पडली, ती योग्य म्हणता येणार नाही.

या मापाचे बळ आणि उणीव एका छोट्या उदाहरणावरून स्पष्ट होते. शेतकऱ्याने कांदा बाजारात आणला की त्याच्या मालाच्या प्रत्येक वक्कलाचे (वेगळ्या ढिगाचे) वजन व दर यांवरून रक्कम काढून, त्यातून हमाली, तोलाई, गाडीभाडे, बारदान असे खर्च वजा करून अडत दुकानातून पट्टी, म्हणजे हिशेबाची चिठ्ठी, दिली जाते. ती तयार करणारे फंक्शन पुढीलप्रमाणे लिहिलेले आहे असे समजू :

प्रत्येक वक्कलासाठी
    जर वक्कल विकले असेल
        जर वजन > ० आणि दर ठरलेला असेल
            रक्कम = वजन × दर − हमाली − तोलाई
            जर भाडे अडत्याने भरले असेल
                रकमेतून भाडे वजा करा
            जर बारदान अडत्याचे असेल
                रकमेतून बारदान वजा करा
            एकूण बेरजेत रक्कम मिळवा

येथे एक लूप, चार अटी आणि एक ‘आणि’ मिळून सहा निर्णय आहेत, म्हणून चक्रीय गुंतागुंत ७ येते. मर्यादा १० ची असल्याने हे फंक्शन निर्दोष ठरते. तरीही बारदानाच्या ओळीपर्यंत पोचलेल्या वाचकाला, आपण कोणत्या लूपमध्ये आणि कोणकोणत्या अटींच्या आत आहोत, हे सगळे एकाच वेळी डोक्यात धरून ठेवावे लागते. याच चार अटी एकीत एक न गुंफता एकीखाली एक लिहिल्या असत्या तरी आकडा ७ च आला असता. अटी किती, हे मॅकेब यांचे माप सांगते. त्या किती खोल आहेत, याची दखल ते घेत नाही.

ही उणीव भरून काढण्यासाठी सोनारसोर्स या कंपनीतील जी. ॲन कॅम्पबेल यांनी कॉग्निटिव्ह कॉम्प्लेक्सिटी, म्हणजे आकलनाची गुंतागुंत, हे माप मांडले. त्यात प्रत्येक अटीला वा लूपला १ गुण मिळतो आणि ती रचना जितक्या पातळ्या आत असेल तितके गुण आणखी वाढतात. ‘आणि’ची एक सलग साखळी मात्र एकदाच मोजली जाते. वरील फंक्शनमध्ये लूपचा १, पहिल्या अटीचे २, दुसरीचे ३, ‘आणि’चा १ व शेवटच्या दोन अटींचे प्रत्येकी ४ असे एकूण १५ गुण होतात. सोनारक्यूब या कोड तपासणाऱ्या साधनात बहुतेक भाषांसाठी १५ हीच मूळ मर्यादा ठेवलेली आहे, म्हणजे पट्टीचे हे लहानसे फंक्शन त्या मर्यादेला टेकलेले आहे. हे माप आरंभी तर्कावर आणि अनुभवावर बेतलेले होते. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आधीच्या प्रयोगांतील ४२७ कोडतुकड्यांची सुमारे २४,००० मूल्यांकने एकत्र तपासली गेली. कोड समजण्यास लागणारा वेळ आणि वाचकांनी स्वतः दिलेला अभिप्राय यांच्याशी या मापाचा संबंध जुळतो, असे त्यात आढळले. उत्तरे अचूक येण्याशी मात्र तसा स्पष्ट संबंध दिसला नाही.

इतर मापांचा उल्लेख थोडक्यात पुरेसा आहे. मॉरिस हॉल्स्टेड यांनी १९७७ मध्ये कोडमधील क्रियाचिन्हे आणि त्यांना लागणारी पदे मोजून प्रोग्रामचे आकारमान, काठिण्य आणि श्रम काढण्याची सूत्रे दिली. त्यामागील मानसशास्त्रीय गृहीतके पुढे वादग्रस्त ठरली, पण आकारमानाचे सूत्र टिकले. हे आकारमान, चक्रीय गुंतागुंत आणि ओळींची संख्या एकत्र करून १९९० च्या दशकात मेंटेनेबिलिटी इंडेक्स तयार झाला आणि व्हिज्युअल स्टुडिओ हे प्रोग्राम लिहिण्याचे साधन त्याची ० ते १०० अशी श्रेणी दाखवते. तीन वेगवेगळ्या गोष्टी एका आकड्यात मिसळल्यामुळे, तो घसरला तरी नेमके काय बिघडले हे त्यावरून कळत नाही. फंक्शनपेक्षा मोठ्या पातळीवर, म्हणजे क्लास (माहिती आणि तिच्यावर काम करणारी फंक्शन यांचे गट) आणि त्यांचे परस्परावलंबन यांसाठी, चिदंबर आणि केमरर यांनी १९९४ मध्ये सुचवलेली सहा मापे वापरली जातात. सर्वांत जुने व सर्वांत साधे माप म्हणजे ओळींची संख्या. चक्रीय गुंतागुंत आणि ओळींची संख्या बहुधा बरोबरच वाढतात, असे अनेक अभ्यासांत दिसून आल्याने तिलाही कमी लेखता येत नाही.

गुंतागुंत कमी करण्याच्या कामाला रिफॅक्टरिंग म्हणतात. त्यापूर्वी एक भेद ध्यानात घ्यावा लागतो. फ्रेड ब्रुक्स यांनी १९८६ मध्ये सॉफ्टवेअरमधील अडचणींचे अंगभूत आणि आगंतुक असे दोन प्रकार केले. भाडे कोणी भरले यावरून पट्टीतील वजावट ठरते, ही बाजारातील वस्तुस्थिती आहे. ती कोडमधून नाहीशी करता येणार नाही. ती अट चौथ्या पातळीवर जाऊन बसली, ही मात्र लिहिणाऱ्याने घातलेली भर आहे. रिफॅक्टरिंगचा अधिकार एवढ्या भरीपुरताच चालतो.

वरील उदाहरणात पहिली पायरी म्हणून अटी उलटवता येतात. वक्कल विकले नसेल तर पुढच्या वक्कलाकडे जा, वजन किंवा दर नसेल तरीही पुढे जा, असे आरंभीच सांगून टाकले की उरलेला हिशेब दोन पातळ्या बाहेर येतो. एवढ्यानेच आकलनाची गुंतागुंत १५ वरून १० वर येते. चक्रीय गुंतागुंत ७ च राहते, कारण निर्णय तेवढेच आहेत. दुसऱ्या पायरीत ‘वक्कल पट्टीला योग्य आहे का’ आणि ‘या वक्कलावरील भाडे-बारदानाची वजावट किती’ असे दोन प्रश्न स्वतंत्र फंक्शनमध्ये काढावे. मग मूळ फंक्शनचे ३, पहिल्या नव्या फंक्शनचा १ आणि दुसऱ्याचे २ अशी आकलनाच्या गुंतागुंतीची बेरीज ६ होते. तिन्ही फंक्शनची चक्रीय गुंतागुंत प्रत्येकी ३, म्हणजे एकूण ९ भरते. ती मुळापेक्षा वाढलेली आहे, कारण प्रत्येक नवे फंक्शन आपला १ घेऊन येते. केवळ बेरीज पाहणाऱ्याला हा बदल तोट्याचा वाटेल. प्रत्यक्षात वाचकाला एका वेळी डोक्यात धराव्या लागणाऱ्या गोष्टी निम्म्याहून कमी झाल्या आहेत, आणि पाहायचे ते हेच.

या बदलाचा आकड्यांत न दिसणारा लाभ अधिक मोलाचा आहे. मूळ रचनेत, विकले गेले पण दर नोंदवायचा राहिला असे वक्कल गुपचूप गळून पडत होते आणि शेतकऱ्याच्या पट्टीत तेवढी रक्कम कमी येत होती. त्याबद्दल कोडमध्ये एक ओळही नव्हती. अट उलटवून ‘दर नसेल तर पुढे जा’ असे लिहावे लागले, की वाचणाऱ्याच्या मनात लगेच प्रश्न उभा राहतो : पुढे का जायचे? दिवाणजीला सूचना द्यायला नको का? डिसेंबर-जानेवारीत कांद्याची आवक वाढते तेव्हा दिवसाकाठी निघणाऱ्या पट्ट्यांच्या गर्दीत अशी चूक नजरेस पडणे अवघड असते. ती वाचतानाच सापडली पाहिजे.

वजावटीसारखे नियम कोडमध्ये एकाच जागी असावेत, याचेही कारण बाजारातच सापडते. राज्यात २०१६ मध्ये फळे-भाजीपाल्याची अडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घेण्याचा निर्णय झाला. अडतीची वजाबाकी ज्या प्रोग्राममध्ये एका फंक्शनमध्ये असते, तेथे असा बदल थोडक्या वेळात करता येतो. तीच वजाबाकी पट्टी, खतावणी आणि दैनिक अहवाल यांत तीनदा लिहिलेली असेल, तर एखादी जागा हमखास सुटते. अटींच्या लांब साखळीऐवजी तक्ता वापरणे हाही असाच उपाय आहे. कारखान्यात नगावर मजुरी देताना टॉवेलच्या प्रत्येक मापासाठी एकेक ‘जर’ लिहिण्यापेक्षा माप आणि दर यांचा तक्ता ठेवला, तर नवे माप आल्यावर कोडला हात लावावा लागत नाही. नावांचे महत्त्व याहून कमी नाही. हमाली आणि तोलाई यांना ‘शुल्क १’, ‘शुल्क २’ म्हटले तर कोणत्याही मापात फरक पडत नाही, पण वाचणाऱ्याला दर वेळी मागे जाऊन पाहावे लागते.

वर्तन बदललेले नाही, याची खात्री हा रिफॅक्टरिंगचा अनिवार्य भाग आहे. जुन्या कोडसाठी चाचण्या लिहिलेल्या नसतील, तर मागील हंगामातील पट्ट्यांची माहिती जुन्या आणि नव्या अशा दोन्ही फंक्शनमधून चालवून निकाल पैशापर्यंत ताडून पाहावेत. फरक निघाला तर तो आधी समजून घ्यावा. जुनी चूक दुरुस्त करायची असली तरी ती वेगळा बदल म्हणून करावी, म्हणजे रचना बदलल्याने काय झाले आणि नियम बदलल्याने काय झाले, हे नंतर सांगता येते.

मापन स्वयंचलित करण्यासाठी पायथॉनला रॅडॉन, जावास्क्रिप्टला ईएसलिंट, जावाला चेकस्टाइल व पीएमडी अशी साधने उपलब्ध आहेत. वर्षानुवर्षे चालत असलेल्या प्रोग्रामवर ती प्रथमच चालवली की शेकडो इशारे येतात आणि काम करणाऱ्यांचा धीर खचतो. अशा ठिकाणी मर्यादा केवळ नव्या आणि बदललेल्या कोडला लावावी, आणि जुन्यापैकी जी फंक्शन गुंतागुंतीची असून वारंवार बदलली जातात तीच आधी हाती घ्यावीत. कोडमधील प्रत्येक बदलाची नोंद ठेवणाऱ्या गिट या साधनाच्या इतिहासावरून त्यांची यादी सहज काढता येते. दहा वर्षांत कोणी न उघडलेले आणि बिनचूक चालणारे फंक्शन कितीही गुंतागुंतीचे असले तरी त्याला हात लावण्याची घाई करू नये. आकडा खाली यावा एवढ्याचसाठी फंक्शनचे मधूनच दोन तुकडे करणे आणि त्यांना ‘भाग १’, ‘भाग २’ अशी नावे देणे हा गैरप्रकार कोड रिव्ह्यूमध्ये, म्हणजे सहकाऱ्याने कोड तपासताना, थांबवला पाहिजे, कारण त्यामुळे वाचणाऱ्याची पायपीट वाढते आणि साधन मात्र समाधान दर्शवते.

काही गुंतागुंत या साधनांच्या आवाक्यातच येत नाही. लहान हिशेब-प्रणालींत बरेच निर्णय डेटाबेसमधील स्टोअर्ड प्रोसीजरमध्ये (डेटाबेसमध्येच साठवलेल्या प्रोग्राममध्ये) किंवा एक्सेलच्या सूत्रांत दडलेले असतात. २००७ च्या आवृत्तीपासून एक्सेलच्या एका सूत्रात ६४ पातळ्यांपर्यंत ‘इफ’ गुंफता येतात. त्याआधी ही मर्यादा ७ होती. मजुरीचा दर ठरवणारे असे एखादे सूत्र पत्रकाच्या एका चौकटीत बसलेले असते आणि त्याची गुंतागुंत वरील साधने मोजत नाहीत. तेथे प्रत्येक अटीला मधला स्वतंत्र स्तंभ देणे आणि दरांचा तक्ता वेगळ्या पत्रकात ठेवून ‘व्हीलुकअप’ने तो वाचणे, हेच उपाय हाताने करावे लागतात.