जोन ऑफ केंटने नवरा सोडला नव्हता

इंग्लंडच्या राजघराण्यातली जोन ऑफ केंट (मृत्यू 1385) हिच्याबद्दल एक गोष्ट पिढ्यान् पिढ्या सांगितली जाते: विल्यम माँटेग्यूची ही बायको सरदार थॉमस हॉलंडच्या प्रेमात पडली आणि नवऱ्याला सोडून त्याच्याकडे गेली. यात लग्नांचा क्रमच उलटा आहे.

हॉलंडशी तिचं लग्न आधी झालं होतं, 1340 च्या सुमारास, गुपचूप. तेव्हा ती जेमतेम बारा-तेरा वर्षांची होती. तो मोहिमेवर गेला आणि घरच्यांनी तिला माँटेग्यूशी उजवून टाकलं. त्या काळच्या चर्चच्या नियमानुसार दोघांनी एकमेकांना पती-पत्नी म्हणून वचन दिलं की लग्न पक्कं. पाद्री नसला, घरच्यांची संमती नसली तरी. म्हणून हॉलंडने थेट पोपकडे दाद मागितली. माँटेग्यूने तिला कोंडून ठेवल्याची तक्रारही तिथे पोचली, आणि तिने स्वतःचा वकील नेमावा म्हणून पोपच्या दरबाराला हस्तक्षेप करावा लागला. नोव्हेंबर 1349 मध्ये निकाल लागला: हॉलंडच खरा नवरा, दुसरं लग्न रद्द. पळून गेलेली बायको ही प्रतिमा तिच्यावर सरळसरळ अन्याय करणारी आहे.

हॉलंड 1360 मध्ये वारला. पुढच्याच वर्षी राजपुत्र एडवर्डशी, म्हणजे ‘ब्लॅक प्रिन्स’शी, तिचं लग्न झालं. जवळचं नातं असल्याने त्यालाही पोपची परवानगी घ्यावी लागली. इंग्लंडचा राजा दुसरा रिचर्ड हा त्यांचाच मुलगा. मात्र मृत्युपत्रात तिने स्टॅमफर्डला, हॉलंडशेजारी दफन करायला सांगितलं, आणि तसंच झालं.