व्हिडिओतून फोटो काढणे

चालू व्हिडिओतलं एकच चित्र थांबवून फोटो म्हणून सेव्ह करायचं, एवढंच काम. सोलापुरात याची गरज बहुतेक दोनदा पडते, एकतर घरातलं माणूस गेल्यावर, त्यांचा धड एक फोटो सापडत नाही पण कुणाच्या तरी लग्नाच्या कॅसेटमध्ये ते हसताना दिसतात आणि बॅनरवाला तर लगेच फोटो मागत असतो, आणि दुसरं म्हणजे गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वरांच्या यात्रेनंतर.

काढायला सोपं आहे. कॉम्प्युटरवर व्हीएलसी प्लेअरमध्ये व्हिडिओ पॉज करायचा, 'ई' दाबत एकेक फ्रेम, म्हणजे एकेक चित्र, पुढं जायचं, हवी ती आली की शिफ्ट आणि एस. मोबाईलवर स्क्रीनशॉट मारू नये, तो स्क्रीनच्या मापाचा येतो, व्हिडिओच्या नाही. आणि व्हॉट्सॲपवरून आलेला व्हिडिओ तर घेऊच नये, तो आधीच दाबून बारीक झालेला असतो, कॅमेऱ्याच्या कार्डातला ओरिजिनल मागावा.

खरी मेहनत फ्रेम निवडण्यात आहे. व्हिडिओत सेकंदाला 25 फ्रेम असल्या की शटर, म्हणजे एक फ्रेम टिपायचा वेळ, साधारण 1/50 सेकंद ठेवतात, बघताना ते छान वाटतं पण थांबवलं की हललेलं सगळं फराटतं. गड्ड्याच्या यात्रेतला सम्मती कट्ट्यावरचा अक्षता सोहळा घ्या, अक्षता उडतात त्या क्षणाची फ्रेम काढली तर तांदळाचे दाणे दिसतच नाहीत, नुसत्या पांढऱ्या रेघा, आणि अंगातल्या बाराबंदीचा, म्हणजे यात्रेतल्या पोशाखाचा, पांढरा रंग उन्हात जळून सपाट झालेला. त्यापेक्षा नंदीध्वज, यात्रेत मिरवतात ती उंच काठी, क्षणभर थांबतो, धरणारा मान वर करतो, तिथली फ्रेम घ्यावी, चेहरा स्वच्छ येतो.

जुन्या कॅसेटचं दुखणं वेगळं. पाल या जुन्या टीव्ही-व्हिडिओ पद्धतीत एक फ्रेम दोन अर्ध्या चित्रांची, एकात विषम ओळी, दुसऱ्यात सम, आणि दोन्हीत 1/50 सेकंदाचं अंतर, म्हणून हलत्या हाताच्या कडेला फणीसारखे दात दिसतात. प्लेअरमधलं डीइंटरलेस, म्हणजे ही दोन अर्धी चित्रं जुळवणारी सोय, चालू केलं की जातात, थोडी धार मात्र कमी होते. शिवाय 720 बाय 576 पिक्सेलचं चित्र तसंच ठेवलं तर माणसं बारीक दिसतात, रुंदी 768 करायची.

प्रिंटचं म्हणाल तर फुल एचडी फ्रेम जेमतेम 2 मेगापिक्सेल, 4 बाय 6 ला चालते. कॅसेटवरच्या फ्रेमचा पासपोर्ट साईज बरा येतो, तीच दहा फुटी बॅनरवर ताणली की जवळून नुसते ठोकळे दिसतात, रस्त्यापलीकडून मात्र खपून जातं.