लिंकच्या सुरुवातीला स्लॅश टाकला की जावा ॲप कुठंही चालतं? नाही चालत भाऊ

जळगाव-भुसावळकडं जावा शिकणारी पोरं अजून एकमेकांना हेच सांगतात, की लिंक स्लॅशनं सुरू केली म्हणजे ती ॲपच्या मुळापासून मोजली जाते, मग वॉर फाईल (ॲपचं एकत्र बांधलेलं पॅकेज) सर्व्हरवर कुठंही डिप्लॉय करा, म्हणजे बसवा. हे चूक आहे.

ती लिंक वाचतो ब्राउझर, आणि त्याला तुमचं ॲप कुठून सुरू होतं ते माहीतच नसतं. समजा रावेरच्या केळीच्या भावाचं ॲप केलं, टॉमकॅटवर (जावा ॲप चालवणारा सर्व्हर) ते /केळी या कॉन्टेक्स्टवर, म्हणजे ॲपच्या सुरुवातीच्या पत्त्यावर, बसलं आणि पानात लिंक आहे /भाव, तर ब्राउझर थेट होस्टच्या मुळाशी /भाव मागणार, /केळी/भाव नाही, आणि समोर ४०४, म्हणजे पान सापडलं नाही. आपल्या मशीनवर ॲप रूटवर, म्हणजे होस्टच्या मुळाशीच, चालत असेल तर ही चूक दिसतच नाही, म्हणून तर ती इतकी वर्षं टिकली.

गोंधळाचं कारणही खरंच आहे. सर्व्हलेटमधून (रिक्वेस्ट हाताळणारा जावा कोड) फॉरवर्ड करताना, म्हणजे सर्व्हरच्या आतच रिक्वेस्ट दुसऱ्या पानाकडं देताना, स्लॅश म्हणजे ॲपचं मूळ, पण ब्राउझरला नव्या पत्त्यावर पाठवणाऱ्या सेंड-रिडायरेक्टमध्ये तोच स्लॅश सर्व्हरच्या मुळापासून मोजला जातो!

काहीजण मग स्लॅशच काढतात. तेही फसू शकतं, कारण फॉरवर्डनंतर ॲड्रेस बारमधला पत्ता बदलत नाही, आणि लिंक त्या पत्त्यावरून मोजली जाते, जेएसपी (सर्व्हरवर पान तयार करणारी फाईल) कुठल्या फोल्डरात आहे त्यावरून नाही.

मग करायचं काय? जेएसपीत जेएसटीएलचा (जेएसपीसाठीच्या तयार टॅगांचा संच) यूआरएल टॅग वापरा, स्लॅशनं सुरू होणाऱ्या पत्त्याला तो कॉन्टेक्स्ट पाथ स्वतः जोडतो. सर्व्हलेटमध्ये रिक्वेस्टकडून कॉन्टेक्स्ट पाथ मागून पुढं जोडा. रूटवर तो रिकामी स्ट्रिंग देतो, त्यामुळं रूटवर आणि /केळीवर दोन्हीकडं चालतं. /केळी मात्र कोडमध्ये हातानं लिहू नका.