बचावनिपुण मुष्टियोद्ध्याशी सामना

बचावनिपुण मुष्टियोद्ध्याशी सामना : ठोसा मारण्यापेक्षा ठोसा चुकवण्यात पारंगत असलेल्या खेळाडूसमोर रिंगणात उभे राहण्याचा अनुभव. नाशिकच्या सरावगृहांत नव्या मुलांच्या तोंडून तो एकाच वाक्यात ऐकू येतो : ‘सर, तो हाताला लागतच नाही.’ या साध्या तक्रारीत या अनुभवाचे बरेचसे सार आहे.

जोरकस ठोसे मारणाऱ्याची भीती सामन्याआधीच वाटते. बचावनिपुण खेळाडूची भीती आधी वाटत नाही. तो हाताच्या अंतरावर असतो, कधी गार्ड, म्हणजे चेहऱ्यापुढे धरलेले हातही, खाली सोडलेला असतो, चेहरा समोर दिसत असतो. पहिले दोन-तीन ठोसे हुकतात तेव्हा थोडक्यात हुकले असे वाटते, आणि इथेच फसगत सुरू होते. तो जाणूनबुजून थोडक्यातच चुकवतो, कारण फार दूर गेला तर त्याला परतफेड करता येणार नाही. समोरचा मात्र ‘आता लागेल’ या आशेवर अधिक जोर लावतो.

हुकलेला ठोसा लागलेल्या ठोशापेक्षा महाग पडतो. लागलेला ठोसा प्रतिस्पर्ध्याच्या अंगावर थांबतो. हुकलेला आपला आपल्यालाच थांबवावा लागतो. तो ताण खांद्यावर आणि पाठीवर येतो, वजन पुढच्या पायावर जाते आणि हनुवटी क्षणभर उघडी पडते. त्या क्षणी आलेला हलका जॅबही (पुढच्या हाताचा सरळ ठोसा) जड वाटतो, कारण तो येताना दिसलेला नसतो. तिसऱ्या फेरीत हात उचलवत नाहीत ते मार खाल्ल्याने नव्हे, हवेत मारल्याने.

त्याला आधीच कसे कळते, हा प्रश्न समोरच्याला छळतो. डोळ्यांनी पाहून हालचाल करायला माणसाला साधारण ०.२ सेकंद लागतात आणि जवळून सुटलेला जॅब तेवढी सवड देत नाही. म्हणजे तो मूठ पाहत नाही, मुठीच्या आधीचे पाहतो : खांद्याची किंचित उचल, मागच्या टाचेचा दाब, ठोशाआधी रोखलेला श्वास. पहिली फेरी तो बहुतेक वाचनातच घालवतो. त्यासाठी हूल देतो, अर्धे पाऊल पुढे टाकतो आणि तुम्ही काय करता ते टिपून ठेवतो. पुढे तुमच्या सवयीच तुमच्याविरुद्ध लढू लागतात.

सरावातले एक दृश्य पुरेसे बोलके आहे. पत्र्याच्या शेडमधला संध्याकाळचा सराव, सातपूरच्या कारखान्यातली पाळी संपवून आलेला एक तरुण आणि समोर त्याच्याहून दहा वर्षांनी मोठा, पोट थोडे सुटलेला जुना खेळाडू. तरुणाच्या दोन जॅबनंतर ठरलेला उजवा ठोसा येत होता आणि दर वेळी जुन्या खेळाडूचे डोके तेवढेच, चार बोटे, बाजूला सरकत होते. सरांनी हातात धरलेल्या पॅडवर फटाफट वाजणारे तेच हात इथे आवाजच करत नव्हते. शेडमध्ये फक्त बुटांची घासघास आणि तरुणाचा वाढता श्वास ऐकू येत होता. फेरी संपल्यावर सरांनी एवढेच सांगितले, ‘अरे, डोकं कशाला शोधतोस? ते तिथं राहणार नाही. छातीवर मार, छाती कुठं पळत नाही.’ तरुण जुन्या खेळाडूकडे वळून म्हणाला, ‘दादा, तुम्हाला माझा उजवा आधीच दिसतो का?’ उत्तर आले, ‘तू मारायच्या आधी डावा हात खाली आणतोस. मी तेवढंच बघतो.’

व्यावसायिक मुष्टियुद्धाचा इतिहास पाहिला तर हा अनुभव किती खोल जातो ते कळते. अर्जेंटिनाच्या निकोलिनो लोचेने ११७ लढती जिंकल्या, पण त्यांपैकी अवघ्या १४ बाद करून. त्याला ‘एल इंतोकाब्ले’, म्हणजे हात न लागणारा, म्हणत. १२ डिसेंबर १९६८ रोजी टोकियोत त्याच्यासमोर जगज्जेता पॉल फुजी दहाव्या फेरीसाठी स्टुलावरून उठलाच नाही. युक्रेनच्या वासिल लोमाचेन्कोसमोर २०१६-१७ मध्ये सलग चार प्रतिस्पर्ध्यांची लढत अशीच दोन फेऱ्यांमधल्या विश्रांतीत संपली. त्यांतला शेवटचा गिलेर्मो रिगोन्दो स्वतः बचावाचा उस्ताद आणि लोमाचेन्कोसारखाच दोन ऑलिंपिक सुवर्णपदकांचा मानकरी होता. त्याने हाताच्या दुखापतीचे कारण सांगितले आणि वजनगटांचा फरकही मोठा होता, हे नमूद करायला हवे. तरीही आडवे न पडता लढत सोडणे ही या सामन्याची खास खूण आहे. आधी थकतो तो विश्वास.

पद्धती मात्र एकसारख्या नसतात. २४१ पैकी २२९ लढती जिंकणाऱ्या विली पेपचा बचाव पावलांत होता, पर्नेल व्हिटेकरचा कमरेत आणि गुडघ्यांत, फ्लॉइड मेवेदरचा पुढे काढलेल्या डाव्या खांद्यात. मेवेदरने २ मे २०१५ रोजी मॅनी पॅकियाओला हरवले तेव्हा पॅकियाओचे ४२९ पैकी ८१ ठोसेच लागल्याची मोजणी झाली. अशा खेळावर कंटाळवाणा असा शिक्का बसतो. तो अन्यायाचा आहे; दोरांजवळ बसून पाहिले तर यात एकही क्षण रिकामा नसतो. कधीकधी पंचांनाही हे काम दिसत नाही. १० सप्टेंबर १९९३ रोजी सॅन अँटोनिओत, तोवर अपराजित असलेल्या हूलिओ सेझार चावेझविरुद्ध व्हिटेकर जिंकला असेच बहुतेक जाणकारांचे मत होते. निकाल बरोबरीचा लागला.

यावर उतारा आहे, पण तो संयमाचा आहे. डोक्यामागे धावायचे नाही. छाती, खांदे, दंड, बरगड्या जिथे सापडतील तिथे मारत राहायचे, पाठलाग न करता तिरके पाऊल टाकून वाट अडवायची आणि त्याला कोपऱ्यात न्यायचे. मेवेदरला २०१४ च्या मे महिन्यात मार्कोस मायदानाने असेच दोरांवर रेटून २२१ ठोसे लावले. लढत तरीही मेवेदरनेच जिंकली. हौशी स्पर्धेत तीन मिनिटांच्या तीनच फेऱ्या असल्याने वाचनाला वेळ कमी मिळतो आणि सातत्याने पुढे जाणाऱ्याला थोडी जास्त संधी असते. नाशिक जिल्ह्यातल्या मुलांना हे येवल्याच्या संक्रांतीतल्या पेचावरून लवकर पटते : आसारीवर, म्हणजे मांजाच्या फिरकीवर, नुसते खेचत राहणाऱ्याचा मांजा ढील देणारा कापतो. म्हणून आपणही ढील द्यायची, अर्धा ठोसा मारून थांबायचे, त्याची परतफेड बाहेर काढायची आणि मग मारायचे.

या कौशल्याच्या सरावाला फारसे साहित्य लागत नाही. सरावगृहात खांद्याच्या उंचीवर आडवी दोरी बांधतात. खेळाडू ठोसे मारत, दर पावलाला गुडघ्यात वाकून, डोके दोरीच्या एका बाजूने दुसऱ्या बाजूला नेत पुढे सरकतो. कमरेतून वाकला की नजर जमिनीवर जाते, म्हणून सर समोर उभे राहून बोटे दाखवतात आणि किती ते मोठ्याने सांगायला लावतात. आकडा चुकला की पुन्हा दोरीच्या पहिल्या टोकापासून.